प्रोटोकॉल बफर्स

प्रोटोकॉल बफर्स (संक्षेपाने प्रोटोबफ) ही विदेची रचना एका स्वतंत्र आराखडाभाषेत लिहून ठेवण्याची आणि त्या आराखड्यावरून निरनिराळ्या प्रोग्रॅमिंग भाषांमधील कोड आपोआप निर्माण करण्याची पद्धत आहे. ती गूगल या कंपनीत विकसित झाली आणि ७ जुलै २००८ रोजी मुक्त स्रोत म्हणून प्रसिद्ध झाली. प्रोटोबफ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात : आराखडा लिहिण्याची भाषा, तो वाचून कोड तयार करणारा ‘प्रोटोसी’ हा कंपायलर आणि विदा बाइटांच्या स्वरूपात मांडण्याचे द्विमान सांकेतन. या तिन्हींची गल्लत केल्याने पुष्कळ गैरसमज होतात. उदाहरणार्थ, आराखड्यात दिलेली फील्डांची नावे पाठवलेल्या बाइटांमध्ये नसतात. बाइटांत असतात ते फक्त क्रमांक. या एका गोष्टीतून प्रोटोबफचे बहुतेक गुण आणि बहुतेक धोके निर्माण होतात.

पार्श्वभूमी

दोन प्रोग्रॅम एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करतात तेव्हा माहितीची मांडणी कशी आहे याविषयी दोघांत एकमत असावे लागते. पाठवणारा प्रोग्रॅम जावामध्ये आणि घेणारा सी++ मध्ये लिहिलेला असेल, तर तीच रचना दोन ठिकाणी, दोन भाषांत, दोन वेगळ्या माणसांनी हाताने लिहावी लागते. कालांतराने एका बाजूला बदल होतो, दुसऱ्या बाजूला तो करायचा राहून जातो. हे टाळण्यासाठी रचना एकाच ठिकाणी, कोणत्याही प्रोग्रॅमिंग भाषेशी न बांधलेल्या भाषेत लिहावी आणि दोन्ही बाजूंचा कोड तिच्यावरून यंत्रानेच तयार करावा, ही कल्पना प्रोटोबफच्या बरीच आधीची आहे. दूरसंचार क्षेत्रात १९८४ पासून एएसएन.१ ही भाषा वापरात आली. संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे आजही तिच्याच रचनेत असतात. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८७ मध्ये एक्सडीआर हे मानक प्रसिद्ध केले व त्याच्या जोडीला ‘आरपीसीजेन’ हा कोडनिर्माता दिला. १९९१ मध्ये कॉर्बा आणि तिची आयडीएल ही भाषा आली. प्रोटोबफने मूळ कल्पना नवी आणली नाही. आराखडा पुढे बदलणारच, हे गृहीत धरून सगळी रचना बेतणे हे तिचे वैशिष्ट्य ठरले.

गूगलमध्ये २००१ च्या सुरुवातीस या कामाला आरंभ झाला. शोधयंत्राच्या अनुक्रमणिका सांभाळणाऱ्या सर्व्हरकडे विनंती पाठवणे आणि उत्तर घेणे, एवढाच तेव्हाचा उद्देश होता. त्यापूर्वी विनंतीतील बाइटांची जुळणी आणि फोड हाताने लिहिलेल्या कोडमधून होत असे. प्रोटोकॉलच्या अनेक आवृत्त्या एकाच वेळी चालू असल्याने ‘आवृत्ती ३ असेल तर असे, ४ पेक्षा मोठी असेल तर तसे’ अशा अटींची रांग त्या कोडमध्ये लागली होती. एखादे नवे फील्ड घालायचे झाले, तर ते प्रत्यक्ष वापरण्यापूर्वी पाठवणारा, घेणारा आणि मधले सर्व सर्व्हर ते समजू शकतात याची खात्री करून घ्यावी लागे. शेकडो यंत्रे एकाच क्षणी बदलणे शक्य नसल्याने हा व्यवहार जिकिरीचा होता.

‘बफर्स’ हा शब्द त्या काळचा अवशेष आहे. कंपायलर तयार होण्याआधी ‘प्रोटोकॉलबफर’ नावाचा एक क्लास होता. त्यात क्रमांक आणि मूल्य अशा जोड्या एकामागून एक टाकल्या जात आणि तयार बाइट त्याच्या बफरमध्ये साठत. पुढे ती रचना गेली, नाव मात्र राहिले.

पहिली आवृत्ती कंपनीच्या बाहेर कधीच आली नाही. म्हणून जगासमोर आलेली पहिली आवृत्ती ‘प्रोटो२’ या नावाची आहे. ती मुक्त स्रोत करण्याचे काम केंटन वार्डा यांनी केले. सुरुवातीस सी++, जावा आणि पायथॉन या तीन भाषांसाठी कोड निर्माण होत असे. ‘प्रोटो३’ ही सुटसुटीत केलेली आवृत्ती २०१६ मध्ये स्थिर झाली.

आराखडाभाषा

प्रोटोबफमध्ये विदेच्या एका नगाला ‘संदेश’ म्हणतात. संदेशात फील्ड असतात आणि प्रत्येक फील्डाला प्रकार, नाव व क्रमांक या तीन गोष्टी असतात. पुढील उदाहरणात एका बसस्थानकाची नोंद दाखवली आहे. प्रत्यक्ष भाषेतील सूचक शब्द इंग्रजी आहेत. येथे ते मराठीत दिले आहेत.

संदेश स्थानक {
    मजकूर नाव = १;
    पूर्णांक संकेतांक = २;
    पुनरावृत्त फलाट फलाट_यादी = ३;
}

संदेश फलाट {
    पूर्णांक क्रमांक = १;
    मजकूर दिशा = २;
}

बरोबरीच्या चिन्हापुढील आकडा हे फील्डाचे मूल्य नव्हे. ती त्याची कायमची ओळख आहे. नवशिक्यांची पहिली गफलत बहुधा येथेच होते. ‘पुनरावृत्त’ या विशेषणाचा अर्थ ते फील्ड शून्य किंवा अधिक वेळा येऊ शकते असा आहे. एका संदेशात दुसरा संदेश फील्ड म्हणून ठेवता येतो. याशिवाय ठरावीक पर्यायांची गणनासूची, किल्ली व मूल्य यांचा नकाशा आणि ‘यांपैकी एकच’ असे सांगणारा फील्डांचा गट, अशा रचनाही भाषेत आहेत. पूर्णांकांचे मात्र बरेच पोटप्रकार आहेत. त्यांत फरक का आहे हे सांकेतन पाहिल्याशिवाय समजत नाही.

आराखडा केवळ रचना सांगतो. संकेतांक शून्यापेक्षा मोठा असावा किंवा नाव रिकामे नसावे, अशा अटी मूळ भाषेत लिहिता येत नाहीत. त्यासाठी फील्डांना जोडायच्या ‘पर्यायां’चा विस्तार करून वेगळी साधने तयार झाली आहेत.

कोडनिर्मिती

प्रोटोसी हा कंपायलर सी++ मध्ये लिहिलेला आहे. तो आराखड्याची फाइल वाचतो, तीत आयात केलेल्या इतर फाइली शोधतो, प्रत्येक प्रकाराच्या नावाचा अर्थ लावतो आणि एकच क्रमांक दोनदा वापरला गेला आहे काय यासारख्या चुका तपासतो. त्यानंतर संपूर्ण आराखड्याचे ‘वर्णनपत्र’ तयार होते. हे वर्णनपत्र स्वतःच एक प्रोटोबफ संदेश असते. आराखड्यांचे वर्णन करणारा आराखडा त्याच भाषेत लिहिलेला आहे आणि तो कंपायलरबरोबर उपलब्ध होतो.

या वर्तुळाकार योजनेचा व्यावहारिक फायदा मोठा आहे. एखाद्या नव्या भाषेसाठी कोडनिर्माता लिहायचा असल्यास आराखडाभाषेचे व्याकरण पुन्हा अभ्यासावे लागत नाही. प्रोटोसी त्या कोडनिर्मात्याला स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून सुरू करतो, त्याच्या मानक आदानावर वर्णनपत्रे असलेली विनंती पाठवतो आणि मानक प्रदानावरून उत्तर घेतो. उत्तरात कोणत्या नावाच्या फाइली तयार करायच्या आणि त्यांत कोणता मजकूर लिहायचा एवढेच असते. विनंती व उत्तर दोन्ही प्रोटोबफ संदेशच असतात. गो भाषेसाठीचा कोडनिर्माता याच पद्धतीने वेगळा चालतो. जावा, सी++, पायथॉन, सी#, रूबी, पीएचपी इत्यादींचे कोडनिर्माते प्रोटोसीमध्येच अंतर्भूत आहेत. याच मार्गाने कोडखेरीज इतर गोष्टीही निर्माण करता येतात, जसे की आराखड्यातील टिपांवरून तयार होणारी दस्तऐवजांची पाने.

निर्माण होणारा कोड प्रत्येक भाषेच्या वळणाप्रमाणे वेगळा असतो. जावामध्ये संदेशाचा क्लास अपरिवर्तनीय असतो. मूल्ये भरण्यासाठी ‘बिल्डर’ नावाचा जोडक्लास मिळतो आणि त्यातून तयार झालेला संदेश नंतर बदलता येत नाही. सी++ मध्ये तोच संदेश जागच्या जागी बदलता येतो. गो मध्ये साधी संरचना मिळते. पायथॉनची गोष्ट निराळी आहे : तेथे निर्माण झालेल्या फाइलीत क्लास जवळजवळ लिहिलेलेच नसतात, तर वर्णनपत्राचे बाइट ठेवलेले असतात आणि प्रोग्रॅम चालू होताना त्यांवरून क्लास उभे केले जातात. त्यामुळे ही फाइल उघडून पाहणाऱ्यास तीत वाचण्यासारखे फारसे सापडत नाही. तिच्या नावाच्या शेवटी ‘पीबी२’ असे येते. त्यातील २ हा प्रोटोबफच्या पायथॉन एपीआयच्या दुसऱ्या आवृत्तीचा असून आराखडा प्रोटो३ मध्ये लिहिला तरी नाव तेच राहते.

निर्माण झालेला कोड एकटा चालत नाही, त्याला त्या भाषेतील साहाय्यक ग्रंथालयाची जोड लागते. दोहोंच्या आवृत्त्या जुळणे आवश्यक असते. मे २०२२ मध्ये पायथॉनच्या ग्रंथालयाची ४.२१ ही आवृत्ती आली, तेव्हा जुन्या प्रोटोसीने निर्माण केलेल्या फाइली तिच्याबरोबर चालेनाशा झाल्या. स्वतःचा एकही शब्द न बदललेले अनेक प्रकल्प त्या वेळी अचानक बंद पडले, कारण त्यांच्या अवलंबनांच्या यादीत ग्रंथालयाची कमाल आवृत्ती बांधून दिलेली नव्हती. निर्माण झालेल्या फाइली प्रकल्पाच्या भांडारात साठवाव्यात की प्रत्येक वेळी नव्याने तयार कराव्यात, याविषयी विकासकांमध्ये दोन पक्ष आहेत. साठवल्यास प्रोटोसी नसलेल्या यंत्रावरही प्रकल्प बांधता येतो, पण आराखडा बदलून फाइली जुन्याच राहण्याची शक्यता उरते.

द्विमान सांकेतन

वरील ‘स्थानक’ संदेशात नाव ‘पुणे’ आणि संकेतांक ३०० एवढेच भरले आहे असे मानल्यास पाठवले जाणारे बाइट हाताने मोजता येतात.

प्रत्येक फील्डाच्या आधी एक खूण येते. फील्डाच्या क्रमांकाला ८ ने गुणून त्यात सांकेतन प्रकाराचा आकडा मिळवला की ही खूण मिळते. बदलत्या लांबीच्या पूर्णांकासाठी प्रकार ०, ठरावीक ८ बाइटांसाठी १, आधी लांबी सांगून येणाऱ्या मजकुरासाठी वा अंतर्गत संदेशासाठी २ आणि ठरावीक ४ बाइटांसाठी ५ आहे. (३ व ४ हे प्रकार आता कालबाह्य मानलेल्या गटरचनेचे आहेत.) नावाचे फील्ड १ असून प्रकार २ आहे, म्हणून खूण १० होते. त्यानंतर लांबी येते. मजकूर यूटीएफ-८ मध्ये असतो आणि या सांकेतनात देवनागरीतील प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे आहेत. म्हणून लांबी १२. संकेतांकाचे फील्ड २ असून प्रकार ० आहे, म्हणून खूण १६.

३०० ही संख्या एका बाइटात मावत नाही. बदलत्या लांबीच्या पूर्णांकात प्रत्येक बाइटाचे ७ बिट संख्येसाठी असतात आणि आठवा बिट ‘पुढे आणखी आहे’ असे सांगतो. ३०० म्हणजे १२८ ची २ पट अधिक ४४. लहान भाग आधी येतो : ४४ मध्ये ‘पुढे आहे’ची खूण म्हणून १२८ मिळवल्यावर १७२ आणि त्यानंतर २. अशा रीतीने संदेश असा होतो : १०, १२, ‘पुणे’चे बारा बाइट, १६, १७२, २. एकूण १७ बाइट. हीच माहिती जेसनमध्ये चार-चार रोमन अक्षरांची फील्डनावे घेऊन, मोकळी जागा न सोडता लिहिली तर ३४ बाइट लागतात. बचत मुख्यतः फील्डांची नावे आणि अवतरणचिन्हे गाळल्यामुळे होते. मजकूर दोन्हीकडे तेवढीच जागा घेतो, म्हणून लांबलचक मराठी लेख साठवताना प्रोटोबफने फारसा फरक पडत नाही. आकड्यांनी भरलेल्या नोंदींत तो ठळक दिसतो.

याच हिशेबातून भाषेतील काही संकेत स्पष्ट होतात. १ ते १५ या क्रमांकांची खूण एका बाइटात मावते, १६ ते २०४७ या क्रमांकांना दोन बाइट लागतात. म्हणून वारंवार येणाऱ्या फील्डांना लहान क्रमांक द्यावेत असा सल्ला दिला जातो. ऋण संख्यांची अडचण वेगळी आहे. साध्या पूर्णांक प्रकारात उणे १ ही संख्या ६४ बिटांत पसरवली जाते आणि ती तब्बल १० बाइट घेते. त्यासाठी ‘झिगझॅग’ नावाची युक्ती असलेला पोटप्रकार आहे. त्यात ० ला ०, उणे १ ला १, १ ला २, उणे २ ला ३ असे आळीपाळीने क्रमांक दिले जातात आणि लहान ऋण संख्या लहानच राहतात. तापमान किंवा खात्यातील शिल्लक अशा फील्डांना हा प्रकार योग्य ठरतो.

आलेले बाइट आराखड्याशिवाय हाती पडले तर पूर्ण अर्थ लागत नाही. फील्ड १ मध्ये बारा बाइट आहेत हे कळते, पण ते मजकूर आहेत की अंतर्गत संदेश हे नक्की सांगता येत नाही. संदेश कोठे संपतो हेही त्यात नोंदलेले नसते. एकाच फाइलीत अनेक संदेश ठेवायचे असल्यास प्रत्येकाची लांबी वेगळी लिहावी लागते. आणखी एक मर्यादा पुष्कळदा नजरेआड होते. एकाच संदेशाचे बाइट नेहमी तेच येतील अशी हमी प्रोटोबफ देत नाही, कारण नकाशातील नोंदींचा क्रम ठरलेला नसतो आणि ग्रंथालयाच्या दोन आवृत्त्या फील्ड वेगळ्या क्रमाने लिहू शकतात. त्यामुळे बाइटांचा हॅश काढून दोन संदेश समान आहेत का हे ठरवणे किंवा पुन्हा तयार केलेल्या बाइटांवर डिजिटल स्वाक्षरी पडताळणे असुरक्षित आहे.

आराखड्यातील बदल

पूर्वी लिहिलेला प्रोग्रॅम नवा संदेश वाचताना अनोळखी क्रमांक भेटला, तर तो थांबत नाही. सांकेतन प्रकारावरून फील्ड किती लांब आहे हे कळते, म्हणून ते ओलांडून पुढे जाता येते. उलट, नवा प्रोग्रॅम जुना संदेश वाचतो तेव्हा नसलेल्या फील्डाच्या जागी ठरलेले पूर्वनिर्धारित मूल्य धरले जाते. या दोन नियमांमुळे यंत्रे एकेक करून बदलता येतात. फील्डाचे नाव बदलले तरी बाइटांत काही फरक पडत नाही, मात्र निर्माण होणाऱ्या कोडमधील नावे बदलतात आणि जेसन रूप वापरणाऱ्यांचे व्यवहार मोडतात.

धोका आहे तो क्रमांक पुन्हा वापरण्यात. समजा, स्थानकाच्या नोंदीत फील्ड ४ मध्ये फलाटांची संख्या होती. ते फील्ड काढून टाकले आणि काही महिन्यांनी दुसऱ्या विकासकाने क्रमांक मोकळा आहे असे पाहून त्या जागी ‘उशीर मिनिटांत’ हे फील्ड घातले. दोन्ही पूर्णांक, दोहोंचा सांकेतन प्रकार एकच. पूर्वी साठवलेल्या नोंदी वाचताना पाच फलाटांच्या स्थानकावर पाच मिनिटे उशीर दिसू लागतो. कोठेही त्रुटीचा संदेश येत नाही, कंपायलर तक्रार करत नाही, चाचण्या नव्या नोंदींवर चालत असल्याने त्याही उत्तीर्ण होतात. प्रोग्रॅम कोसळला असता तर दोष त्याच दिवशी सापडला असता. येथे चुकीची माहिती खरी म्हणून पुढे जाते. यासाठी भाषेत ‘राखीव’ ही घोषणा आहे. काढून टाकलेल्या फील्डाचा क्रमांक व नाव राखीव म्हणून लिहिले की पुढे कोणी ते वापरल्यास प्रोटोसी कोड तयार करण्यास नकार देतो. ही घोषणा करणे मात्र सक्तीचे नाही. आराखड्याची जुनी व नवी प्रत ताडून पाहणारी स्वतंत्र साधने त्यामुळेच लोकप्रिय झाली.

प्रोटो२ मध्ये फील्ड ‘आवश्यक’ म्हणून घोषित करता येई. ते भरलेले नसेल तर संपूर्ण संदेश वाचण्यास नकार मिळत असे. वरवर पाहता ही सोय चांगली वाटते. पण आराखडा दीर्घकाळ चालला की आज आवश्यक वाटणारे फील्ड उद्या निरुपयोगी होते, आणि ते काढता येत नाही, कारण कोठेतरी जुना प्रोग्रॅम ते नसलेला प्रत्येक संदेश फेकून देत असतो. मधल्या सर्व्हरचा प्रश्न त्याहून बिकट होता. केवळ इकडून तिकडे संदेश पोहोचवणाऱ्या सर्व्हरला आतील मजकुराशी देणेघेणे नसते, तरी एका फील्डाच्या अभावी तोही संदेश अडवतो. एखादे फील्ड आवश्यक करणे म्हणजे ते कायमचे करणे, असा इशारा अधिकृत दस्तऐवजांतच दिला जाई. प्रोटो३ मधून ही सोय काढून टाकण्यात आली. एखादी नोंद पूर्ण आहे की नाही हे ठरवणे ती वापरणाऱ्या प्रोग्रॅमचे काम मानले गेले.

सुटसुटीतपणाच्या ओघात प्रोटो३ ने आणखी दोन गोष्टी वगळल्या आणि त्या दोन्ही नंतर परत आणाव्या लागल्या. पहिली म्हणजे अनोळखी फील्ड जपण्याची. सुरुवातीच्या प्रोटो३ मध्ये वाचताना ओळख न पटलेली फील्डे टाकून दिली जात. जुना मध्यस्थ प्रोग्रॅम संदेश वाचून, एखादे मूल्य बदलून पुढे पाठवी, तेव्हा त्याला न कळलेली नवी माहिती वाटेतच नाहीशी होई. २०१७ मधील ३.५ या आवृत्तीपासून अशी फील्डे पुन्हा जपली जाऊ लागली. दुसरी गोष्ट म्हणजे मूल्य ‘दिलेच नाही’ आणि ‘शून्य दिले’ यांतील भेद. प्रोटो३ मध्ये शून्य हे पूर्वनिर्धारित मूल्य असून ते बाइटांत लिहिलेच जात नसे, त्यामुळे तापमान ० अंश आहे की मोजलेच नाही हे घेणाऱ्यास कळत नसे. एकेका मूल्याला वेगळ्या संदेशात गुंडाळण्याचा वळसा अनेक वर्षे घ्यावा लागला. २०२१ मधील ३.१५ पासून ‘ऐच्छिक’ हे विशेषण प्रोटो३ मध्ये नियमितपणे उपलब्ध झाले आणि हा भेद पुन्हा नोंदवता येऊ लागला.

प्रोटो२ की प्रोटो३ अशी विभागणी पुढे ‘एडिशन’ या पद्धतीने मागे टाकली. एडिशन २०२३ पासून आराखड्याच्या फाइलीत वर्ष लिहिले जाते आणि मूल्य दिले-न दिल्याची नोंद ठेवावी का यासारखे प्रत्येक गुणधर्म फाइल किंवा एकेका फील्डाच्या पातळीवर स्वतंत्रपणे ठरवता येतात.

जेसनशी संबंध

प्रत्येक प्रोटोबफ संदेशाचे जेसन रूप कसे असावे याचे नियम प्रोटो३ बरोबर ठरवण्यात आले. त्यांत ६४ बिटांचे पूर्णांक आकडा म्हणून न लिहिता अवतरणचिन्हांत मजकूर म्हणून लिहिले जातात. जावास्क्रिप्टमध्ये ५३ बिटांपलीकडचे पूर्णांक अचूक साठवता येत नाहीत, हे त्याचे कारण होय. जेसन वाचण्यास व दुरुस्त करण्यास सोपे असल्याने ब्राउझरपर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात ते आणि सर्व्हरांच्या आपसांतील व्यवहारात द्विमान रूप, अशी वाटणी पुष्कळ ठिकाणी आढळते.

उपयोग

प्रोटोबफच्या आराखड्यात संदेशांबरोबर सेवांची घोषणाही करता येते, म्हणजे कोणता संदेश पाठवल्यावर कोणता संदेश उत्तरादाखल मिळेल हे लिहिता येते. २०१५ मध्ये गूगलने प्रसिद्ध केलेली जीआरपीसी ही प्रणाली अशा घोषणांवरून ग्राहक आणि सर्व्हर या दोन्ही बाजूंचा कोड तयार करते. कुबर्नेट्स आपल्या अंतर्गत वस्तू याच सांकेतनात साठवते आणि यंत्रशिक्षणाची प्रतिमाने देवाणघेवाणीसाठी साठवणारे ओएनएनएक्स हे स्वरूप प्रोटोबफवर आधारलेले आहे.

सर्वसामान्यांच्या जवळचे उदाहरण सार्वजनिक वाहतुकीचे आहे. बस व रेल्वेची क्षणोक्षणीची स्थिती प्रसिद्ध करण्यासाठी २०११ मध्ये आलेले ‘जीटीएफएस रिअलटाइम’ हे मानक प्रोटोबफ आराखड्याच्या रूपात लिहिलेले आहे. फेरीतील बदल, वाहनाचे स्थान आणि सूचना असे घटक त्यात असतात. वेळापत्रकाची मूळ माहिती मात्र साध्या मजकूर फाइलींत दिली जाते, कारण ती क्वचित बदलते आणि माणसांनी तपासावी लागते. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाची विदा उतरवून घेताना मिळणाऱ्या ‘पीबीएफ’ फाइलीही प्रोटोबफमध्येच असतात.

भारतात आधार प्रमाणीकरणाच्या तांत्रिक तपशिलात नागरिकाची ओळखविषयक माहिती ज्या गठ्ठ्यात पाठवली जाते त्याच्यासाठी दोन स्वरूपे सांगितलेली आहेत : एक्सएमएलसाठी ‘एक्स’ आणि प्रोटोबफसाठी ‘पी’. काही लिहिले नाही तर एक्सएमएल धरले जाते.

तत्सम भाषा

फेसबुकमध्ये तयार झालेली आणि २००७ मध्ये खुली झालेली थ्रिफ्ट ही भाषा प्रोटोबफला सर्वांत जवळची आहे. तिच्यातही फील्डांना क्रमांक असतात. हडूप प्रकल्पातून आलेल्या एव्ह्रोने वेगळा मार्ग घेतला. तिच्या बाइटांत क्रमांकही नसतात. लिहिताना वापरलेला आराखडा वाचणाऱ्यास उपलब्ध असावा लागतो, आणि तो वाचणाऱ्याच्या आराखड्याशी नावांच्या आधारे जुळवला जातो. मोठ्या फाइलीत आराखडा सुरुवातीला एकदाच लिहिला की काम भागते, म्हणून साठवणीसाठी ती सोयीची पडते. केंटन वार्डा यांनी गूगल सोडल्यानंतर २०१३ मध्ये कॅप्न प्रोटो ही प्रणाली प्रसिद्ध केली. तिच्यात बाइटांची मांडणी स्मृतीतील मांडणीसारखीच असल्याने फोड करण्याची पायरीच गळते. गूगलचेच २०१४ मधील फ्लॅटबफर्स याच तत्त्वावर चालते. दोहोंत वेगाच्या बदल्यात आकार काहीसा वाढतो.

देवनागरीचा वापर

प्रोटोबफच्या मजकूर फील्डांत कोणतीही लिपी ठेवता येते. प्रोटो३ मध्ये यूटीएफ-८ च्या नियमांत न बसणारे बाइट मजकूर फील्डात आले, तर तो संदेश वाचणे नाकारले जाते. त्यामुळे जुन्या, यूनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेला मराठी मजकूर त्याच्या मूळ बाइटांसह मजकूर फील्डात टाकता येत नाही. तो आधी यूनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो किंवा बाइट या प्रकाराच्या फील्डात ठेवावा लागतो. संदेश, फील्ड आणि सेवा यांच्या नावांत मात्र रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेखा यांखेरीज काहीही चालत नाही. वर मराठीत दाखवलेला आराखडा जसाच्या तसा प्रोटोसीला दिल्यास तो पहिल्याच ओळीवर नाकारला जाईल. टिपा मराठीत लिहिता येतात. वर्णनपत्रात टिपांचीही नोंद ठेवता येत असल्याने, दस्तऐवज तयार करणाऱ्या साधनांतून त्या मराठीतच पानावर उमटतात.